मोटेवरचं येशूचं गाणं

माझ्या मायला मिशनच्या दवाखान्यात ठेवून घेतलं आणि यमुनाआत्याला तिथून हाकलून दिलं, इथून हे सगळं सुरू झालं. ‘हाकलून दिलं’ असं आत्यासमोर म्हणायची कोणाची छाती नव्हती. ती मरेपर्यंत सांगायची की मीच निघून आली, त्या गोऱ्या डॉक्टरबाईला माझ्यापुढं टिकता येत नव्हतं. खरं काय ते बाबांनी मला मागाहून सांगितलं. मायला नुसतं दूध द्यायचं असा डॉक्टरबाईचा हुकूम होता आणि आत्याच्या ओच्यात भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा सापडला. तापानं तोंडाची चव गेलेल्या माणसाला ठेचा नाही द्यायचा तर काय द्यायचं, असा आत्याचा सवाल होता. डॉक्टरबाईला मराठी बेताचंच येत होतं, पण आत्याला दार दाखवण्यापुरतं येत होतं.

मायचं बाळंतपण बिघडलं होतं. बाळ हाती लागलं नाही आणि मागं जो ताप राहिला तो काही केल्या उतरेना. अंगारे झाले, काढे झाले, सुईण येऊन पोट चोळून गेली. माय भाकरीकडे बघेना तसं माझ्याकडेही बघेना झाली. तेव्हा बाबांनी एका सकाळी गाडीत कडबा अंथरला, वर गोधडी टाकली आणि मायला तिच्यावर निजवलं. मिशनचा दवाखाना गाडीवाटेनं दिवसभराच्या अंतरावर होता. तिथं गेलेलं माणूस बाटतं हे आमच्या डोणगावच्या शिवारात सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. गेलेलं कोणी नव्हतं, तरी ठाऊक होतं. म्हणून मायच्या राखणीला आत्या सोबत गेली आणि मला शेजारच्या काशीकाकूकडं ठेवलं.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा गेला तेव्हा ती इतकी लहान होती की त्याचा चेहराही तिला आठवत नव्हता. तेव्हापासून ती आमच्याच घरी. उंच, वाळकी, दात मिश्रीनं काळे केलेले. त्या काळी आमचा वऱ्हाड मध्यप्रांताच्या दावणीला बांधलेला होता आणि सरकारचे हुकूम नागपुराहून यायचे म्हणे; आमच्या घरात ते आत्याच्या तोंडून यायचे. दवाखान्याच्या आवारातही तिनं आपलं राज्य वेगळं मांडलं. लिंबाखाली तीन दगडांची चूल, आपला गडवा, आपलं पीठ, भोवती पाण्याची रेघ. त्या रेघेच्या आत तिनं मिशनच्या कोंबडीलाही येऊ दिलं नाही. पण वॉर्डात मार्थाबाई नावाची एक बाई होती. ती रोज दिवे लागायच्या वेळी हातात झांज घेऊन खाटांमधून गात फिरायची. आवाज जाडाभरडा आणि बोली आपल्याकडचीच. तिचं गाणं खिडकीतून बाहेर पडायचं आणि सरळ रेघ ओलांडून चुलीपाशी यायचं. त्याचा बंदोबस्त आत्याला करता आला नाही.

मायजवळ घरचं कोणीतरी हवंच होतं, म्हणून बाबा दवाखान्याच्या ओसरीत राहिले आणि आत्या स्वतः गाडी हाकत परत आली. बाईमाणूस एकटी गाडी हाकत गावात शिरली म्हणून लोक ओट्यावर उभे राहून बघत होते. आत्यानं कोणाकडं पाहिलं नाही. तिनं मला काशीकाकूकडून उचललं, मळ्यात नेलं आणि म्हणाली, “तुहा बाप येईपर्यंत मोट मी हाकन, तू पानी पाह्य.”

आता त्या विहिरीवर विजेचा पंप आहे. बटण दाबलं की पाणी येतं आणि वीज गेली की तो मळा आता कसणारा माझा नातू कपाळाला हात लावून बसतो. त्याला मोट समजावून सांगताना माझी दमछाक होते. चामड्याची मोठी पखाल विहिरीत सोडायची. बैल विहिरीपासून उताराच्या धावेवरून खाली चालत गेले की पखाल भरून वर यायची आणि थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी कुंडीत, रिकामी व्हायची; तिथून पाणी पाटानं वाफ्यांत. मग त्याच बैलांनी पाठमोरं, मागं मागं चढ चढून विहिरीपाशी यायचं, म्हणजे पखाल पुन्हा खाली. उताराला जायला बैलाला सांगावं लागत नाही, पण मागं चालणं त्याच्या स्वभावात नाही, तिथं माणसाला गावं लागतं. आमचा हौशा आणि मुंगा बाबांच्या गाण्यावर मागं यायचे. आता बाबांची मोटेवरची गाणी अशी होती की ती सुरू झाली की माय मला मुद्दाम कोथिंबीर आणायला पिटाळायची. ती आत्या कशी म्हणणार?

तिनं जात्यावरच्या ओव्या म्हणून बघितल्या. हौशा उभ्या उभ्या रवंथ करू लागला. तिनं आरती म्हटली, शिव्या दिल्या, शेपट्या पिरगाळल्या. बैल धावेच्या खालच्या टोकाला उभे आणि वांग्याच्या वाफ्यात माती भेगाळायला लागलेली. मी पाटाच्या काठावर फावडं घेऊन बसलेली. शेवटी आत्या दमून नाड्यावर, मोटेच्या जाड दोरावर, बसली, तोंडाला पदर लावला आणि हळूहळू काहीतरी गुणगुणायला लागली. मला वाटलं ती रडते आहे. पण ते गाणं होतं, आणि मी ते आधी कधीच ऐकलं नव्हतं.

खोलातून काढ मला, येशू मेंढपाळा,
दोर तुझ्या हाती देवा, तूच रखवाला.

मार्थाबाई ‘येशू’वर एक लांब हेल काढायची, दम संपेपर्यंत. आत्यानंही तसाच काढला. आणि त्या हेलावर हौशानं मागचा पाय उचलला. मुंगानं त्याच्याकडं बघितलं आणि तोही निघाला. दोघं मागं मागं चढत विहिरीपाशी गेले, पखाल बुडाली, गडगड आवाज आला. आत्या बैलांकडं आणि मी आत्याकडं बघत राहिले. मला पुढं कळलं की दवाखान्यातून येताना गाडीवर ती वाटभर हेच गात आली होती; बैलांचं पाठांतर तिथंच झालं होतं.

त्या दिवशी वांगी भिजली, मिरच्या भिजल्या, कांद्यापर्यंत पाणी गेलं. संध्याकाळी चून-भाकर खाताना आत्या मला बजावत होती की हे कोणाजवळ बोलायचं नाही. मी विचारलं की मेंढपाळ म्हणजे धनगर का? तर म्हणाली, “हाव. त्यायचा देव धनगर हाये वाटते. बरं हाये, धनगर हरवलेल्या मेंढराले सोडून घरी जात नाई.” पण येशूचं नाव तोंडी घेणं तिच्या जिवाला खात होतं. दुसऱ्या दिवशी तिनं ते नाव काढून तिथं ‘देवा’ घातलं. बैल हलले नाहीत. ‘रामा’ घालून बघितलं. बैल हलले नाहीत. तेव्हा तिनं आभाळाकडं बघून हात जोडले, बैलांकडं बोट दाखवलं आणि येशूचा हेल काढला.

पुढचे दिवस वाईट होते. दवाखान्याकडून येणारं-जाणारं कोणी नव्हतं. मलकापूरला कापूस घालून परतणारी एखादी गाडी त्या वाटेनं यायची. आत्या नाड्यावरून उतरून रस्त्यावर धावायची आणि गाडीवान सांगायचा की तुमचा भाऊ ओसरीत बसलेला दिसला. एवढंच. बसलेला दिसला म्हणजे माय आहे, असं आम्ही धरून चालायचो. घरात मायचं लुगडं दोरीवर तसंच होतं. आत्या ते काढत नव्हती आणि मलाही काढू देत नव्हती. एका सकाळी मी वाफ्यात पाणी वळवता वळवता बघितलं, आत्याच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं आणि तोंडानं गाणं चालू होतं, सूर कुठं तुटत नव्हता. मला इतकी भीती वाटली की मी फावडं टाकलं आणि धावेवर जाऊन तिला विचारलं, “आत्या, माय मरन काय व?”

तिनं लपवालपवी केली नाही. “मले माईत नाई, बाई. थो दोर माह्या हातात नाई. ज्याच्या हातात हाये त्याले दिवसभर सांगून राह्यली.” मग नाकाला पदर लावून म्हणाली, “त्या मार्थाचा नवरा गेला, लेकरं गेले, पटकीनं. तिचं कोनी नाई अन् तरी ती गाते. मले तं तुमी सारे हा. गानं सोडलं तं मी पडन. अन् मले थांबून रडाले टाइम नाई, मी थांबली का बैल थांबतात. जाय, वाफा फुटला तुहा.”

खरंच वाफा फुटला होता. मी पळत गेले. पण त्या दिवसापासून मीही दुसरी ओळ म्हणायला लागले. आत्या ‘खोलातून काढ मला’ म्हणायची आणि मी खालून वांग्यांतून ‘दोर तुझ्या हाती देवा’. आमच्या दोघींचे आवाज काही गोड नव्हते. आत्याचा चिरका आणि माझा नाकातला. तरी मला ते म्हणताना मायचा हात धरल्यासारखं वाटायचं, आज एवढ्या वर्षांनीही वाटतं. माझी नात विचारते की आजी, तू ख्रिश्चन होतीस का गं? मी सांगते, मी कोणी नव्हते, मी वांग्यांना पाणी देत होते.

आता असं गाणं लपणार थोडंच. आमच्या बांधाला लागून तुळशीरामबुवांचा मळा होता. बुवा आमच्या जातीचे म्होरके आणि गावच्या भजनात पहिला टाळ त्यांचा. आपल्या आवाजाचा त्यांना भारी अभिमान. नुसतं ‘राम राम’ म्हणायचे तरी सूर लावून म्हणायचे. बाईनं नाड्यावर बसून मोट हाकावी हेच त्यांच्या डोळ्यांत सलत होतं, त्यात हे कानावर आलं. एका दुपारी ऐन उन्हात ते चार मानकऱ्यांना घेऊन आमच्या आंब्याखाली येऊन बसले. त्यांत महादूआजाही होते, सगळ्यांत म्हातारे, त्यांना कमी ऐकू यायचं आणि हवं ते बरोबर ऐकू यायचं. आत्याची मोट तेव्हा नुकतीच रिकामी झाली होती, बैल धावेच्या खालच्या टोकाला होते. बुवांनी हात वर करून तिला तिथंच थांबवलं.

आत्यानं रीतीप्रमाणं मला पाण्याचं मडकं घेऊन पाठवलं. मंडळींचे घसे कोरडे पडले होते, पण बुवांनी मान हलवली. निकाल लागेपर्यंत या घरच्या मडक्यातलं पाणी कोणी घेणार नव्हतं. थारोळ्यातलं वाहतं पाणी चाललं असतं, वाहत्या पाण्याला विटाळ नसतो. पण थारोळ्यातलं पाणी तोवर पाटानं वाहून गेलं होतं. मी मडकं घेऊन तशीच उभी राहिले.

बुवा म्हणाले की गाव तुला बाटली म्हणतं. आत्या म्हणाली की गाव म्हणतं का तुम्ही म्हणता? मग बुवांनी घसा साफ केला आणि मुद्द्यावर आले. “यमुने, थे गानं आजपासून बंद. नाई तं तुमचा विस्तव-पानी बंद. अन् तुही भावजय दवाखान्यातून आली तं तिले जातीत घ्याचं का नाई, थेही आमाले पाहा लागन.”

आत्याचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. विस्तव-पाण्याच्या धमकीला ती हसली असती. पण माय घरी येईल आणि तिच्या घरचा उंबरा कोणी ओलांडणार नाही, तिच्या हातचं कोणी खाणार नाही, हे तिला झेपलं नाही. तिनं हातातला कासरा खाली ठेवला. मग म्हणाली, “सोडते.” एवढंच. मला रडू फुटलं. आता आत्या पडणार, असंच माझ्या डोक्यात आलं, आणि आत्या पडली तर आमचं कोण होतं?

पण ती आत्या होती. तिनं कासरा उचलून बुवांपुढं धरला आणि एकदम गरीब आवाजात म्हणाली, “वांगे वाळून राह्यले, बुवा. बैलाले कोनतं गानं म्हनू थे तुमीच सांगा. एकडाव म्हनून दाखवा, मी शिकते.”

गाणं म्हणून दाखवा, असं कोणी म्हणावं आणि बुवांनी नाही म्हणावं, हे घडलंच नसतं. त्यांनी पागोटं सारखं केलं, धावेवर गेले आणि असा काही आलाप घेतला की आंब्यावरचे राघू उडाले. हौशा शांतपणे रवंथ करत राहिला. बुवांनी भजन लावलं, दुसरं लावलं, मग आपल्या तरुणपणीचं मोटेवरचं एक लावलं. ते लागल्यावर आत्यानं मला कोथिंबीर आणायला पिटाळलं, पण मी गेले नाही. मुंगानं तेवढ्या वेळात धार सोडली. बुवांच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि आंब्याखालचे चार मानकरी कोरड्या जिभा ओठांवरून फिरवत होते. शेवटी बुवांनी आत्याच्या गाण्याची चाल उचलली, पण नाव ‘रामा’ घातलं. आत्या हळूच म्हणाली, “थे मी करून पाह्यलं.” हौशानं कान हलवला, एवढंच.

तेव्हा महादूआजा आंब्याखालून बोलले. “बुवा, ऊन पाहा अन् आमचं वय पाहा. बैलाले जे पाहिजे थे म्हना ना, बाप्पा.”

बुवांनी मागं वळून बघितलं. सगळे मानकरी मान वर करून आंब्याला यंदा मोहर कसा धरला ते बघायला लागले होते. बुवांनी डोळे मिटले. खरं सांगायचं तर त्यांचा आवाज सुंदर होता, आणि ते गाणं तसं पुन्हा कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. ‘येशू’चा हेल त्यांनी मार्थाबाईपेक्षाही लांब काढला असेल, कारण बैल विहिरीपाशी पोचून थांबले तरी बुवा अजून त्या हेलातच होते. पखाल बुडाली, बैल खाली गेले आणि थारोळ्यात धो धो पाणी कोसळलं. मानकरी उठून तिकडं धावले. ओंजळी भरभरून प्याले, डोक्यावर घेतलं. बुवाही प्याले. आत्या काठावर उभी राहून सगळ्यांचं पिऊन होईपर्यंत थांबली आणि मग मला म्हणाली, “मडकं आत नेऊन ठेव व, पाव्हन्यायले नाई लागत.”

निकाल महादूआजांनी दिला. “पंचायले असं दिसते का बैल बाटले. यमुना नाई बाटली. मळा वाळू नये म्हनून यमुनानं थे गानं बैलायसाठी म्हनाव. सोतासाठी म्हनू नये.” बुवांनी जोरात मान डोलावली, त्यांनी स्वतः बैलांसाठीच म्हटलं होतं, हे त्यात आपोआप येत होतं. आत्यानं पदर पसरून निकाल घेतला. मात्र पुढं पोळ्याला हौशा-मुंगाला तोरणाखाली उभं करावं की नाही यावर गावात वाद झाला. शेवटी उभं केलं, पण रांगेत शेवटी. पोरं ‘ख्रिस्ती बैल आले, ख्रिस्ती बैल आले’ म्हणून नाचत होती आणि आत्यानं बाकी कोणाच्या बैलाला नाही इतकी मोठी पुरणपोळी त्या दोघांना चारली.

पण पोळ्याच्या आधी माय आली. मोट चालू होती, ऊन उतरणीला लागलेलं. रस्त्यावर कोणाची तरी गाडी थांबली आणि बाबा एका बाईला हाताला धरून बांधावरून घेऊन यायला लागले. मला ती ओळखू आली नाही. केस कापलेले, गालफडं बसलेली, लुगडं अंगावर टांगल्यासारखं. मी वांग्यांतच उभी राहिले. ती घराकडं गेली नाही, सरळ थारोळ्यापाशी आली, काठावर बसली आणि हात पाण्यात घातला. आत्या विहिरीकडं तोंड करून बैल मागं घेत होती, तिनं बघितलंच नव्हतं. तिनं पहिली ओळ म्हटली. दुसरी ओळ माझी, पण माझा आवाज निघेना. ती ओळ मायनं म्हटली. बारीक आवाजात, पण अगदी बरोबर चालीवर. तापात पडल्या पडल्या रोज ऐकलेली.

आत्यानं वळून बघितलं आणि तिचं गाणं तुटलं. बैल जागच्या जागी थांबले. ती धावेवरच मटकन बसली आणि पोटभर रडली. त्या दिवशी कांद्याला पाणी मिळालं नाही आणि आत्यानं त्याबद्दल कोणाला बोल लावला नाही. पुढं माय बरी झाली. सावकाश, पण बरी झाली. तिच्या हातचं सगळ्या जातीनं खाल्लं, बुवांनी तर दोनदा वाढून घेतलं.

बाबा आले तरी मोट आत्यानं सोडली नाही. बैल तिच्याशिवाय ऐकत नाहीत, हे तिचं कारण होतं आणि ते सगळ्या गावाला मान्य होतं. मग वर्षं गेली. माझं लग्न होऊन मी जानेफळला गेले. हौशा म्हातारा होऊन गेला आणि त्याच्यामागं मुंगानं खाणं सोडलं. बाबांनी बाजारातून नवी जोडी आणली तेव्हा मी योगायोगानं माहेरी होते. सकाळी बुवा काठी टेकत बांधावर आले. तेही आता थकले होते, गाण्याचा आवाज गेला होता. नव्या बैलांच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाले, “यमुने, सुटली बाप्पा तू आता. हे कोरे हायेत. यायले कोनतंही गानं चालते.”

“हाव,” आत्या म्हणाली, “कोरेच हायेत.”

मग ती नाड्यावर बसली, बैलांना उतारावरून खाली नेलं, पखाल रिकामी केली आणि येशूचा तो लांब हेल काढला. बैल गोंधळून उभे राहिले. तिनं पुन्हा काढला. बुवा काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. तिला थांबवायला तोंड उघडतील असं मला वाटलं, ‘स्वतःसाठी म्हणू नये’ हा निकाल त्यांच्याही लक्षात असणारच. पण त्यांची हनुवटी काठीवरच राहिली. बऱ्याच वेळानं बैलांनी मागं पाय उचलला, विहिरीत गडगड झालं, थारोळ्यात पाणी पडलं. बुवांनी काठी बाजूला ठेवली, खाली वाकले आणि ओंजळ भरून प्याले.